वेण्णा: कुणाची लेक?

नमस्कार, श्रोतेहो.

माझी आजी पहिल्यांदा महाबळेश्वरला आली तेव्हा पंचाहत्तरीला टेकली होती. वाईहून एसटीनं पसरणीचा घाट चढलो, पाचगणी मागे पडली, खिडकीतून गार वारा यायला लागला आणि गाडीचा वेग कमी झाला तसा कंडक्टर ओरडला, "वेण्णा लेक! वेण्णा लेक कोण आहे का?" आजीनं माझा दंड घट्ट धरला. म्हणाली, "अरे, कुणाची लेक चुकली रे?" सगळी गाडी हसली. कंडक्टरनं मात्र न हसता समजावलं, "आजी, तळं आहे ते. इंग्रजीत तळ्याला लेक म्हणतात." आजीनं क्षणभर विचार केला आणि विचारलं, "आणि नदीचं नाव वेण्णाच ना? मग चुकलं काय माझं? वेण्णेची लेकच की ती."

आज या तळ्याविषयी बोलायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. कारण आजी गमतीत का होईना, नेमकं बोलून गेली होती. आपण बहुतेक जण हे तळं बघतो ते एक 'पॉइंट' म्हणून. सकाळी सूर्योदय, दुपारी देऊळ, संध्याकाळी बोटिंग. त्या यादीत तळं इतकं सवयीनं बसलंय की ते देवानंच तिथं ठेवलं असावं असं वाटतं. पण हे तळं निसर्गानं दिलेलं नाही. वेण्णा डोंगरावर उगवते तिथंच, ती अजून अंगणात खेळण्याच्या वयाची असताना, माणसांनी तिला बांध घालून अडवलं. आणि अडवलं ते बोटी चालवायला नव्हे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू या. महाबळेश्वर म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीचं पठार. जुन्या महाबळेश्वरात, ज्याला आपण क्षेत्र महाबळेश्वर म्हणतो तिथं, पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी तिथं गोमुखातून पडतं. पुराणातली गोष्ट अशी की ब्रह्मदेवानं इथं यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून गायत्रीला शेजारी बसवलं, आणि मग सावित्रीनं शाप दिला. त्या शापानं विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा झाली आणि ब्रह्मदेवाची कोयना. म्हणजे वेण्णा हे मुळात शंकराचं रूप. एका शंकराच्या डोक्यावर गंगा, आणि इथं शंकर स्वतःच नदी! ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला माझा नमस्कार.

ही वेण्णा पठारावरून पूर्वेकडे निघते, लिंगमळ्याजवळ कड्यावरून खाली उडी घेते, मेढ्यावरून जावळीच्या खोऱ्यातून वाहते, कण्हेरच्या धरणात थोडी विसावते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. एकाच डोंगरावरून निघालेल्या दोघी बहिणी इतका वळसा घालून पुन्हा भेटतात. तळं आहे ते या प्रवासाच्या अगदी सुरुवातीला, लिंगमळ्याच्या उडीच्याही आधी.

आता एक प्रश्न. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. साल २०२१ च्या जुलैत तर एका दिवसात, म्हणजे चोवीस तासांत, जवळजवळ ५९४ मिलीमीटर पडला. माणदेशात वर्षभरात पडत नाही इतका पाऊस एका दिवसात. अशा गावाला पाणी साठवायला तळं कशाला हवं?

उत्तर पायाखाली आहे. पठाराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. तोच तांबडा, भोकाभोकांचा दगड, कोकणात ज्याचे चिरे काढतात. जांभा म्हणजे दगडाच्या रूपातला स्पंज. पाऊस पडला की पाणी त्यातून झरझर खाली उतरतं. खाली मातकट, चिकट थर लागला, त्याखाली काळा कातळ लागला, की पाण्याची वाट अडते आणि ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. नद्यांचे उगम म्हणतो ते हेच. म्हणजे डोंगर पाऊस पितो आणि सावकाश सोडतो. पण उतार इतका की सोडलेलं पाणी तिथं थांबत नाही, कोकणाकडे नाहीतर देशाकडे पळत सुटतं. सप्टेंबरात धबधबे कोसळत असतात आणि एप्रिल-मेमध्ये, नेमकी पाहुण्यांची गर्दी असते तेव्हा, हंडा भरेपर्यंत ताटकळावं लागतं. पावसाच्या माहेरी पाण्याची वाट बघणं, ही घाटमाथ्यावरच्या बायकांची जुनी कहाणी आहे. मोठ्या शहरातला माणूस ती ऐकून नेहमी अविश्वासानं हसतो.

म्हणून तळं. आणि ते बांधलं गेलं १८४२ साली.

हा काळ साताऱ्याच्या गादीचा शेवटचा. त्याची पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी, कारण तिच्यात एक काटा रुतलेला आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी या डोंगरावर चढला आणि इथल्या हवेचं वर्णन त्यानं इतरांना कळवलं. मुंबईच्या उकाड्यानं कावलेल्या साहेबांना असं ठिकाण हवंच होतं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२९ साली, महाराजांनी ही जागा कंपनी सरकारला दिली आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव घेतलं. नव्या वसाहतीला नाव पडलं माल्कम पेठ. महाबळेश्वरची बाजारपेठ म्हणतो ती ही. पुढं दहाच वर्षांत, १८३९ साली, त्याच कंपनी सरकारनं प्रतापसिंहांवर कटाचे आरोप ठेवून त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले, तिथं वर्षानुवर्षं राहिले, पण उपयोग झाला नाही. महाराज काशीलाच १८४७ साली वारले.

गादीवर बसवलं गेलं ते त्यांच्या धाकट्या भावाला, शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांना. वेण्णेचं तळं त्यांनी बांधलं. अप्पासाहेबांविषयी इतिहासात फार प्रेमानं कुणी बोलत नाही. भाऊ परागंदा झालेला आणि आपण त्याच्या जागी, ही जागाच अशी की माणूस उजळ माथ्यानं उभा राहू शकत नाही. पण लोकांच्या उपयोगी कामांवर त्यांनी पैसा खर्च केला हे खरं. १८४८ साली ते वारले, तेव्हा त्यांनी घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसीनं मानला नाही आणि सातारा खालसा झालं. दत्तक वारस नामंजूर करून राज्य घशात घालण्याच्या त्या धोरणाचा डलहौसीच्या काळातला पहिला घास साताराच होता. म्हणजे तळं बांधून सहा वर्षं झाली नाहीत तोच बांधणाऱ्याचं राज्य संपलं. बांध मात्र राहिला. राज्यापेक्षा दगडमातीचा बांध जास्त टिकला, असं आपल्याकडे अनेकदा झालं आहे.

आणि तो काटा? तळ्याजवळ एक बाग आहे. त्या बागेचं नाव आहे प्रतापसिंह उद्यान. तळं अप्पासाहेबांचं, नाव काशीला गेलेल्या थोरल्या भावाचं. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पण पाण्यात बागेच्या झाडांची सावली पडलेली बघतो तेव्हा दोघे भाऊ एकमेकांसमोर बसल्यासारखे वाटतात. काही न बोलता.

तळ्याचं पाणी गावाला आणि मळ्यांना लागत होतं. आणि या मळ्यांची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १८३४ साली महाबळेश्वरला एक तुरुंग उघडला गेला आणि त्यात आणले गेले चिनी आणि मलायी कैदी. पूर्वेकडच्या समुद्रापलीकडून, मलाक्का-सिंगापूरच्या बाजूनं शिक्षा होऊन आलेली ही माणसं सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन पडली. ते वेताचं काम करत, टोपल्या विणत, रस्त्यांच्या कामावर राबत, आणि भाजीपाला पिकवत. साहेबांच्या टेबलावर लागणाऱ्या बटाट्यासारख्या भाज्या या डोंगरावर रुजल्या त्यात या कैद्यांचा हात मोठा. हा तुरुंग १८६४ साली बंद झाला. माणसं गेली, मळे राहिले. आज पर्यटक तळ्याकाठी लाल मुळ्याची आणि गाजराची जुडी विकत घेतात, पानांसकट, नुकतीच धुतलेली, पाणी निथळत असलेली, आणि चालता चालता कुरकुर खातात. मुळा खाताना कुणाला त्या वेतविणाऱ्या माणसांची आठवण येत नाही. येण्याचं कारणही नाही. पण त्या मुळ्याला एक लांबचा प्रवास आहे एवढं तुम्हांला सांगावंसं वाटलं.

प्रयोग सगळेच काही जमले नाहीत. लिंगमळ्याच्या बाजूला सिंकोना लावून बघितला होता, हिवतापावरचं क्विनाईन ज्याच्या सालीतून निघतं तो. इथल्या पावसापुढं तो टिकला नाही. स्ट्रॉबेरी मात्र टिकली, आणि अशी टिकली की महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. गंमत बघा, ज्या पाहुण्या फळाला इंग्रज घेऊन आले ते आता इथल्या जावळीच्या शेतकऱ्याचं घरचं झालं, आणि त्याचा वाफा दाखवताना तो स्वीट चार्ली, विंटर डॉन अशी नावं अशा सुरात घेतो की जणू घरच्या म्हशींची नावं सांगतोय.

मग हे पाणी करमणुकीचं कधी झालं? एका ठरावानं, एका तारखेला असं काही झालं नाही. साहेबांच्या काळातला महाबळेश्वरचा खरा शौक म्हणजे कड्यावर जाऊन उभं राहणं. म्हणून तर सगळ्या कड्यांना त्यांनी आपली नावं दिली: लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर सीट. मला नेहमी वाटतं, या सगळ्या नावांच्या गर्दीत तळं मात्र वेण्णेचंच राहिलं. कुठल्या मडमेचं नाव त्याला चिकटलं नाही. आडनाव तेवढं इंग्रजी लागलं, लेक.

तेव्हा इथं येणंही सोपं नव्हतं. मुंबईहून बोटीनं बाणकोटच्या खाडीतून दासगावपर्यंत यायचं आणि तिथून पालखी-मेण्यातून घाट चढायचा. रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनवर उतरून टांग्यानं वाई-पाचगणीवरून वर. हा प्रवास ज्यांना परवडत होता, तेवढ्यांचंच महाबळेश्वर. ते सगळ्यांचं केलं एसटीनं. माझ्या मते गिरिस्थानाच्या इतिहासात गव्हर्नरापेक्षा एसटीच्या लाल गाडीला मोठी जागा द्यायला हवी. शाळेच्या सहली, नवी लग्नं झालेली जोडपी, दिवाळीच्या सुट्टीत डबे बांधून निघालेली आठ-दहा माणसांची कुटुंबं, हे सगळे त्या गाडीतून वर आले. आणि कड्यावर उभं राहून नुसतं बघणं त्यांना पुरेसं नव्हतं. मुलांना काहीतरी करायला हवं होतं. बोट, घोडा, मका. तळ्याकाठी हे तिन्ही होतं.

बोटिंग चालवते ती महाबळेश्वरची गिरीस्थान नगरपरिषद. वल्ह्याच्या बोटी आहेत, पायडल मारायच्या आहेत. तिकीट काढायचं, नारिंगी लाइफ जॅकेट अंगात घालायचं, आणि ते घातल्यावर घरातला सगळ्यात लठ्ठ माणूस कोण यावर विनोद व्हायचा. पायडलच्या बोटीत नवरा-बायको बसले की पहिली पाच मिनिटं बोट गोल फिरते, कारण दोघं दोन दिशांना सुकाणू ओढतात. हा देखावा काठावरून फुकट बघायला मिळतो. काठानं घोडे धावत असतात, मालक लगाम धरून बरोबर पळतो, आणि घोड्यावरच्या मुलाला वाटतं आपणच चालवतोय. भाजलेल्या मक्याचा धूर, मिठा-तिखटाचं लिंबू, स्ट्रॉबेरी क्रीमचे उंच ग्लास. एअरगननं फुगे फोडायचे तक्ते. मोबाईल येण्याआधी कॅमेरा गळ्यात घालून फिरणारे फोटोवाले असत, घोड्यावर बसवून, डोक्यावर हॅट घालून फोटो काढणारे. अशा एका फोटोत मी सहा वर्षांचा आहे आणि रडतोय.

तळ्याच्या आकाराविषयी एक तक्रार नोंदवतो. बऱ्याच माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की तळं २८ एकरांचं आहे आणि त्याचा घेर सात-आठ किलोमीटर आहे. आता २८ एकर म्हणजे साधारण एक लाख तेरा हजार चौरस मीटर. एवढ्याशा क्षेत्राला सात-आठ किलोमीटरचा घेर हवा असेल तर तळं पावणेचार किलोमीटर लांब आणि तीस मीटर रुंद असायला पाहिजे. म्हणजे कालवा झाला तो! मी काही टेप घेऊन काठ मोजलेला नाही, पण गणिताच्या मास्तरांनी पाचवीत दिलेल्या छड्या वाया जाऊ द्यायच्या नाहीत म्हणून सांगतो, हे दोन आकडे एका तळ्याचे असू शकत नाहीत. एकानं छापलं, दुसऱ्यानं उतरवलं.

पण आकारापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्या पाण्यावर आपण बोट फिरवतो, तेच पाणी महाबळेश्वरच्या आणि खाली पाचगणीच्याही नळाला जातं. हॉटेलच्या खोलीत गरम पाण्याचा नळ सोडला की तळंच थोडंसं आत येतं म्हणा ना. पावसाळ्यात उतारावरची तांबडी माती वाहून येते, तळाशी बसते, आणि पाण्याची जागा गाळ खातो. म्हणून गाळ काढणं हे इथलं न संपणारं काम. जून-जुलैत तळं भरून सांडव्यावरून वाहायला लागलं की स्थानिक वर्तमानपत्रांत फोटोसह बातमी येते, आणि पाचगणीच्या रस्त्यावर पाणी आलं की दुसरी बातमी. वेण्णा लेक भरलं ही बातमी वाचून पर्यटकाला छत्री आठवते. गावातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं येतो तो पुढचा मे महिना.

इथं मी थोडा कडवट होणार आहे, माफ करा. दिवाळीच्या आठवड्यात किंवा मेमधल्या शनिवार-रविवारी तळ्यापाशी गाड्यांची रांग लागते. मीही त्या रांगेत बसलो आहे, दीड तास, पुढच्या गाडीच्या धुराकडे बघत. काचा बंद, एसी चालू, डोंगरावरच्या गार हवेसाठी आलेलो आम्ही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारनं १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. जवळजवळ १२४ चौरस किलोमीटर. झाडं तोडणं, बांधकाम, डोंगर फोडणं यांवर बंधनं आली. त्यावरून गावात दोन तट आहेत आणि दोघांचंही ऐकून घ्यावं असं आहे. ज्याच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला परवानगीची वाट बघावी लागते तो वैतागलेला असतो. तो खोटं बोलत नाही. पण तळ्याच्या वरच्या उतारावर जांभळाचं, हिरड्याचं, अंजनीचं ते गच्च, ठेंगणं रान आहे म्हणून जांभ्यात पाणी मुरतं आणि झरे मार्चनंतरही जिवंत राहतात. रान गेलं तर उरेल नुसता गाळ आणि एक मोठा रिकामा खड्डा. त्यात कुठली बोट फिरणार?

आता तुम्हांला तिकडं जायचं असेल तर कधी जावं, एवढं सांगतो आणि थांबतो. माझं ऐकाल तर डिसेंबर-जानेवारीत, थंडीची लाट असताना, सूर्य उगवायच्या आधी. महाबळेश्वरात बर्फ पडत नाही. पण अशा रात्री आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की जमिनीतली ऊब वर निघून जाते, गार जड हवा उतारांवरून घरंगळत खोलगट जागी उतरते आणि तळ्याच्या आसपास साचून राहते. गावातल्या वेधशाळेचा पारा आठ-दहा अंश दाखवत असतो आणि इथं गवताच्या पात्यांवरचं दव गोठतं. हिमकण म्हणतात इथं त्याला. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटींच्या धक्क्यावरच्या फळ्यांवर पांढरा थर चढतो. पाण्यातून वाफ निघत असते. घोडे अजून आलेले नसतात, मक्याच्या शेगड्या पेटलेल्या नसतात.

अशा एका पहाटे मी तिथं होतो. कानटोपी घातलेला एक बोटवाला धक्क्यावर आला, ओळीनं बांधलेल्या बोटींच्या बैठकीवरचा बर्फ त्यानं हातानं खरवडला आणि मुठीत गोळा करून माझ्यापुढं धरला. "घ्या, काश्मीर," म्हणाला. मी हात पुढं केला. हातावर येईपर्यंत त्याचं पाणी झालं होतं, आणि बोटांमधून गळून ते धक्क्याच्या फटीतून खाली वेण्णेत गेलं. खाली लिंगमळा, मेढा, कण्हेर, माहुली. आजीच्या भाषेत, लेक सासरी निघाली.

नमस्कार.